फक्त ट्रेनच्या मागे जायचं होतं : सँडबॉक्स गेममधल्या अर्धवट सूचना आणि आपण

आज थोडा वेगळा विषय घेतेय. पेट, नेट, सिनॉप्सिस यातलं काही नाही. आज गेमबद्दल बोलू. "पीएचडी करायची सोडून ही गेमवर काय लिहितेय" असं वाटलं, तर जरा शेवटपर्यंत थांबा. शेवटी माझे वाया गेलेले आठ महिने आहेत, आणि तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून तर हे लिहितेय.

२००९ साल असेल. मी सातवीत, दादा अकरावीत. घरी नुकताच सेकंडहँड कॉम्प्युटर आला होता आणि दादाने कुणाकडून तरी 'जीटीए सॅन अँड्रियास'ची सीडी आणली होती. आम्ही दोघंही मराठी माध्यमाचे. त्यामुळे कामाची वाटणी ठरलेली : कीबोर्ड दादाकडे आणि स्क्रीनच्या तळाशी येणारी इंग्रजी वाक्यं वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे. इंग्रजीत मला दादापेक्षा बरे मार्क पडायचे, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

त्या गेममध्ये एक मिशन आहे. तुम्ही खेळला असाल तर नाव सांगायच्या आधीच ओळखलं असेल. 'राँग साइड ऑफ द ट्रॅक्स'. आपला नायक सीजे मोटरसायकल चालवतो, मागे बिग स्मोक नावाचा त्याचा मित्र बंदूक घेऊन बसतो, आणि ट्रेनच्या टपावर विरोधी टोळीची चार माणसं असतात. सूचना येते : ट्रेनला फॉलो करा. मी डिक्शनरी न बघता सांगितलं, "दादा, ट्रेनच्या मागे जायचंय." दादा गेला. अगदी रुळांवर चढून, डब्याला चिकटून गेला. स्मोक गोळ्या झाडत राहिला, माणसं टपावर तशीच उभी राहिली, आणि ट्रेन निसटली. मग स्मोक सीजेवर वैतागतो, की बाबा रे, तुला नुसतं ट्रेनच्या मागे जायचं होतं, तेवढंही जमलं नाही तुला.

पुन्हा स्मोकच्या घरी जायचं, पुन्हा स्टेशनपर्यंत गाडी चालवायची, पुन्हा ट्रेन. त्यात आमच्याकडे लोडशेडिंग. एकदा तर तीन माणसं पडली होती आणि लाइट गेली. सातव्या-आठव्या वेळेला दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला नीट वाचता येत नाहीये. दुसरं काहीतरी लिहिलं असणार." मी त्या वाक्याचा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतला. डिक्शनरी काढली. फॉलो : अनुसरणे, मागे जाणे, पाठलाग करणे. सगळे अर्थ तेच. तरी मला खात्री होती की माझ्याच इंग्रजीत खोट आहे.

पुढे कॉलेजला इंटरनेट आलं तेव्हा कळलं की या मिशनवर अख्खं जग अडकलं होतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही. स्मोकचं ते वैतागलेलं वाक्य तर इंटरनेटवरच्या सगळ्यात प्रसिद्ध मीम्सपैकी एक झालं. म्हणजे माझं इंग्रजी ठीक होतं. वाक्यच चुकीचं होतं.

नेमकं काय चुकीचं होतं, ते आता बघू.

मागे जायचं नव्हतंच

या मिशनचं खरं ध्येय काय? टपावरची चार माणसं पाडणे. बस. ती पडली की मिशन संपलं. ट्रेनच्या मागे जाणं हा त्यासाठीचा एक मार्ग, आणि तोही सगळ्यात वाईट. डब्याला चिकटून चाललं की खालून टपावरचा माणूस दिसतच नाही.

आपण सायन्सवाले, तर एक साधं गणित करू. आकडे माझे आहेत, गेममधले नाहीत. समजा बंदुकीच्या नळीपासून टप अडीच मीटर उंच आहे आणि १.८ मीटर उंचीचा माणूस टपाच्या कडेपासून दीड मीटर आत उभा आहे. तुम्ही डब्यापासून दीड मीटरवर असाल, तर तुमची नजर टपाच्या कडेला घासून त्या माणसापर्यंत पोचते तेव्हा टपापासून अडीच मीटर वर असते. म्हणजे माणूस पूर्ण झाकला गेला. तीन मीटरवर गेलात तर नजर सव्वा मीटर उंचीवर, म्हणजे छातीपासून वरचा भाग दिसला. सहा मीटरवर गेलात तर जवळजवळ १.२ मीटर माणूस दिसतो. लांब गेल्यावर नेम सोपा होतो. समरूप त्रिकोण, शाळेतलाच धडा.

तेव्हा योग्य सूचना अशी हवी होती : ट्रेनला समांतर, बाजूने, थोडं अंतर ठेवून चालव, म्हणजे स्मोकला टपावरचं दिसेल. दोन ओळींचं काम. त्याऐवजी गेमने पद्धत सांगितली आणि तिलाच ध्येयाच्या जागी बसवलं. जो खेळाडू सूचना जितकी प्रामाणिकपणे पाळेल, तितका तो हरणार.

आणि खरी गडबड त्याच्याही पुढे आहे. हरल्यावर गेम कारण काय देतो? की तू मागे गेला नाहीस. पण आपण तर गेलो होतो! चुकीचं कारण सांगितलं की माणूस पुढच्या वेळी तीच चूक जास्त जोर लावून करतो. दादा प्रत्येक वेळी ट्रेनच्या आणखी जवळ जात होता. आमचे ते सात-आठ प्रयत्न मूर्खपणाचे नव्हते. मिळालेल्या माहितीवरून काढलेला तो अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष होता. माहितीच खोटी होती.

अवघड आणि अस्पष्ट यात फरक असतो

इथे कुणी म्हणेल, गेम अवघड असायलाच पाहिजे, नाहीतर मजा काय? बरोबर आहे. म्हणून याच मालिकेतलं त्याआधीचं उदाहरण घेऊ. २००२ च्या 'जीटीए व्हाइस सिटी'मधलं 'डिमॉलिशन मॅन'. रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर उडवून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब एकेक करून ठेवायचे, वेळ ठरलेली. सायबर कॅफेतल्या झिजलेल्या कीबोर्डवर ते हेलिकॉप्टर भिंतीला आपटत नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. या मिशनलाही लोकांनी भरपूर शिव्या दिल्या आहेत.

पण नीट बघा. काय करायचंय ते माहीत आहे : चार बॉम्ब, चार जागा. किती वेळ आहे ते घड्याळात दिसतंय. आणि हरलात तर का हरलात हे न सांगता कळतं. हेलिकॉप्टर आपटलं, किंवा वेळ संपली. म्हणून पुढच्या खेपेला काय सुधारायचं तेही कळतं. काही जणांनी तर हेही शोधून काढलं की घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतं, तेव्हा त्याआधीच आत जाऊन वाट मोकळी करून ठेवायची. ही युक्ती कुणी शिकवलेली नव्हती, पण नियम प्रामाणिक असल्यामुळे ती सापडू शकली.

हे मिशन अवघड आहे. ट्रेनचं मिशन अस्पष्ट आहे. अवघड गोष्ट सरावाने सुटते. अस्पष्ट गोष्टीचा कितीही सराव करा, सुटली तरी नशिबाने सुटते आणि का सुटली ते कळत नाही.

डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या पुस्तकात यासाठी दोन दऱ्यांची कल्पना मांडली आहे. एक कृतीची दरी : काय हवंय ते माहीत आहे, पण ते कसं करायचं ते वस्तूकडे बघून कळत नाही. दुसरी आकलनाची दरी : काहीतरी केलं, पण त्याने नक्की काय झालं ते कळत नाही. नॉर्मन दारांच्या हँडलबद्दल आणि शेगडीच्या बटणांबद्दल बोलत होते, पण गेमला हे जसंच्या तसं लागू पडतं. मी त्यात माझ्यापुरती एक तिसरी जोडते, ती सगळ्यात आधीची : मुळात काय हवंय तेच नीट सांगितलेलं नाही. म्हणजे कुठलाही गेम तपासताना तीन प्रश्न विचारायचे :

काय झालं म्हणजे काम संपलं?
माझ्या मनाने काय काय करायची मोकळीक आहे?
चुकलं, तर नेमकं कशामुळे चुकलं हे मला कळेल का?

सोयीसाठी यांना शेवट, मोकळीक आणि कारण म्हणू. ट्रेनचं मिशन पहिल्यात गोंधळलेलं आहे आणि तिसऱ्यात सपशेल नापास आहे.

वाट सांगायची की बाण दाखवायचा?

सँडबॉक्स गेम म्हणजे वाळूचा खड्डा. मोठा नकाशा, कुठेही जा, काहीही करा. मग यात सूचना द्यायच्या तरी किती? यावर गेम बनवणाऱ्यांची दोन टोकं दिसतात, आणि ती दोन्ही एकाच मालिकेत पाहायला मिळतात.

२००२ मध्ये 'मोरोविंड' आला. त्यात नकाशावर खुणा नाहीत. लोक तोंडी पत्ता सांगतात, अगदी आपल्याकडे गावात सांगतात तसा : किल्ल्यापाशी जा, तिथून पूल ओलांड, मग शोध. सुरुवातीच्याच एका कामात आर्कन्थँड नावाच्या जुन्या अवशेषांतून एक लहानशी कोड्याची पेटी आणायची असते. तिथे पोचलात तरी दार उघडत नाही, कारण ते उघडायची मूठ दारावर नसून बाहेरच्या एका पाइपवर आहे. आत गेलात तर एवढ्या मोठ्या जागेत तळहाताएवढी पेटी कुठल्या फळीवर आहे ते शोधत बसा. कितीतरी लोकांनी इथेच गेम सोडला.

शिवाय मिळालेले पत्ते ज्या डायरीत उतरतात, ती तारखेनुसार चालायची. वीस दिवसांपूर्वी कुणी काय सांगितलं होतं ते शोधायला पानंच्या पानं उलटा. कामानुसार नोंदी बघायची सोय त्याच वर्षी 'ट्रायब्युनल' या पुरवणीबरोबर आली. लॅबची वही फक्त तारखेने लिहिणाऱ्यांना हे दुःख समजेल.

तरी मोरोविंडचे चाहते आजही त्याची बाजू घेतात, आणि मी त्यांच्यातच आहे. पत्ता ऐकून वाट शोधताना तुम्ही डोंगर बघता, नदी बघता, चुकता, आणि चुकल्याचं लगेच कळतं, कारण सांगितलेला पूल काही येत नाही. शेवट स्पष्ट आहे (पेटी आणायची), कारणही बऱ्यापैकी कळतं. फक्त वाट अवघड आहे. माझ्या मते मोरोविंडचा दोष त्या पाइपवरच्या मुठीपुरता आणि त्या डायरीपुरता आहे, तोंडी पत्त्यांचा नाही.

तक्रारींना उत्तर म्हणून २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर थेट बाण आला. बाणाच्या दिशेने चालत राहा, पोचाल. गोंधळ संपला, पण त्याबरोबर जगाकडे बघणंही संपलं. डोळे बाणावर, बाकी सगळं निव्वळ देखावा. आणि २०१८ चा 'रेड डेड रिडेम्प्शन २' तर याच्याही पुढे गेला. एवढं सुंदर मोकळं जग, पण मिशन सुरू झालं की प्रत्येक पाऊल स्क्रीनवर लिहिलेलं, आणि ठरलेल्या वाटेवरून जरा बाजूला झालात की मिशन फेल. डोकं लावून मागच्या बाजूने जायला निघालात, तर त्याचीच शिक्षा. इथे शेवट स्पष्ट, कारण स्पष्ट, पण मोकळीक शून्य. त्या वेळी समीक्षकांनी हेच बोट ठेवलं होतं, आणि ते योग्यच होतं.

म्हणजे अस्पष्टतेवरचा उपाय "सगळं सांगून टाका" हा नाही. शेवट सांगा, कारण सांगा, मधली वाट सोडा.

ज्यांना हे जमलं

'माइनक्राफ्ट' घ्या. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये तो पूर्ण स्वरूपात आला तेव्हा कुणीच काही हातात धरून शिकवत नव्हतं. जगात टाकलं, करा काय करायचंय ते. मग हा तर सगळ्यात अस्पष्ट गेम व्हायला हवा. पण तसं वाटत नाही, कारण माइनक्राफ्ट कारणाच्या बाबतीत कमालीचा प्रामाणिक आहे. दगड हाताने फोडा : खूप वेळ लागतो आणि हाती काही येत नाही. लाकडी कुदळीने फोडा : दगड मिळतो. हिऱ्याचा थर दगडी कुदळीने फोडला तर फुटतो, पण हिरा मिळत नाही. एकदा असा हिरा घालवला की जन्मभर लक्षात राहतं. प्रत्येक कृती म्हणजे एक छोटा प्रयोग, आणि निसर्ग उत्तर देतो.

पण आंधळी भक्ती नको. माइनक्राफ्टमध्येही एक जागा अशी होती जिथे कितीही प्रयोग केले तरी उत्तर सापडलं नसतं. नेदर नावाच्या दुसऱ्या जगात जायला ऑब्सिडियनची चार बाय पाचची चौकट उभी करून ती पेटवावी लागते. हे कुणाला आपोआप कसं सुचणार? त्यामुळे शेजारच्या खिडकीत विकी उघडी ठेवून खेळणं हेच नेहमीचं झालं. जे गेममध्येच कळायला हवं ते बाहेरून शोधावं लागणं, हा गेमचा दोष आहे, लोकांनी तो कितीही प्रेमाने पोटात घातला तरी.

२०२० च्या १.१६ अपडेटमध्ये यावर जो उपाय आला तो मला फार आवडतो. जगात ठिकठिकाणी अर्धवट पडक्या चौकटी दिसू लागल्या. काळ्या दगडाचा सांगाडा, काही तुकडे गायब, शेजारी एक पेटी. एक शब्दही लिहिलेला नाही. पण बघणाऱ्याला वाटतंच, हे पूर्ण केलं तर काय होईल? बाण न दाखवता दिलेली ही सूचना. शिकवणाऱ्या प्रत्येकाने हिचा अभ्यास करावा.

दुसरं उदाहरण २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चं. सुरुवातीचं पठार उतरलात की मुख्य काम तुमच्या यादीत येतं : गॅननचा नाश करा. तो कुठे आहे तेही माहीत आहे, समोर किल्ला दिसतोय. हवं तर आत्ता जा. गेलात तर बहुधा लगेच मराल, आणि का मेलात तेही लख्ख कळेल : अंगात ताकद नाही, हातात धड शस्त्र नाही. मग आपणहून बाकीचं जग फिरायला निघता. शेवट एका वाक्यात, मोकळीक अमर्याद, कारण स्वच्छ.

याच गेममध्ये, त्या पठारावर मात्र, एक म्हातारबाबा आहेत. ते म्हणतात, त्या देवळातला खजिना आणून दे, मी तुला पॅराग्लायडर देतो. तुम्ही आणता. मग म्हणतात, आता उरलेल्या तिन्ही देवळांतलंही आण. चार झाल्यावर आणखी एका ठिकाणी बोलावतात. मी हे पहिल्यांदा खेळले तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात होते, आणि एकटीच मोठ्याने हसले. "हे आणि हेही करून टाक, मग पेपर पाठवू" हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला हे बाबा चांगलेच ओळखीचे वाटतील.

आणि आता माझे आठ महिने

मी काच आणि झिंक ऑक्साइड यांच्यात राहते. स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून, ॲल्युमिनियम मिसळलेल्या झिंक ऑक्साइडचे पातळ थर बनवायचे. असा थर पारदर्शकही हवा आणि त्यातून वीजही वाहायला हवी. पहिल्या वर्षी सरांनी सांगितलं, "फिल्मची क्वालिटी सुधार. कंडक्टिव्हिटी वाढली पाहिजे."

मी वाढवली. आठ महिने तेच केलं. थर जाड केला की रोध कमी होतो, म्हणून जाड केला. आणखी कमी हवा म्हणून आणखी जाड. आकडे महिन्यागणिक सुधारत होते. प्रत्येक मीटिंगमध्ये सर विचारायचे, अजून काही बघितलंस का, आणि मी म्हणायचे, हो सर, रोध आणखी कमी झाला. शेवटी सगळे नमुने टेबलावर मांडले तेव्हा सर ते उजेडात धरून म्हणाले, "अगं, यातून पलीकडचं नीट दिसत कुठे आहे? पारदर्शक ठेवून कंडक्टिव्हिटी वाढवायची होती. एवढंच तर करायचं होतं."

खरं सांगते, त्या क्षणी मला बिग स्मोक आठवला.

या क्षेत्रात एक साधं सूत्र आहे. हाके यांनी १९७६ मध्ये मांडलेलं. पारदर्शकतेचा दहावा घात करायचा आणि त्याला शीट रेझिस्टन्सने भागायचं. आकडा जितका मोठा, तितका थर चांगला. समजा एक थर ९० टक्के प्रकाश सोडतो आणि त्याचा रोध १०० ओहम प्रति चौरस आहे. दुसरा ७० टक्के प्रकाश सोडतो, पण रोध फक्त ४०. माझ्या पहिल्या वर्षाच्या हिशोबाने दुसरा थर कितीतरी सरस. सूत्राने पहिल्याचा आकडा येतो साधारण ०.००३५ आणि दुसऱ्याचा ०.०००७. पहिला जवळजवळ पाचपट चांगला. हे सूत्र पहिल्या दिवशी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असतं, तर आठ महिने ट्रेनला चिकटून गाडी चालवली नसती.

सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. उलट त्यांना ते इतकं माहीत होतं की सांगायची गरजच वाटली नाही. गेम बनवणाऱ्यांचंही असंच होत असावं. ज्याने मिशन बनवलं त्याच्या डोक्यात ट्रेनच्या बाजूने जाणारा रस्ता आधीपासूनच आहे. त्याला "फॉलो" म्हणजे तेच वाटतं.

पण मी काय केलं ते बघा. त्या रात्री हॉस्टेलवर मी असा विचार केला नाही की सूचना अर्धवट होती. मी विचार केला की माझंच बेसिक कच्चं आहे, मी मराठी माध्यमाची, मला पेपर नीट वाचता येत नाहीत, इथे मी यायलाच नको होतं. सातवीतली तीच मुलगी, तीच डिक्शनरी. पुढचा महिना मी लॅबमध्ये जवळजवळ गेलेच नाही. आठ महिन्यांपेक्षा तो एक महिना जास्त महाग पडला.

माझी चूक नव्हतीच असं म्हणत नाही. आठ महिन्यांत एकदाही मी विचारलं नाही की हे कधी संपलं असं धरायचं. विचारलं तर आपल्याला कळत नाही हे उघडं पडेल, ही भीती.

तुम्ही काय करा

ते तीनच प्रश्न. गाईडला जसेच्या तसे विचारा, फक्त भाषा आपली ठेवा :

"सर, कोणता आकडा किती झाला की हे काम झालं असं धरू?"
"मॅडम, यात मी काय काय बदललं तर चालेल, आणि कशाला हात लावायचा नाही?"
"चुकत असेल तर ते मला कोणत्या मोजमापावरून आणि किती दिवसांत कळेल?"

मिळालेलं उत्तर मीटिंग संपल्यावर दोन ओळींत ईमेल करा : "आज ठरल्याप्रमाणे मी हे असं समजले आहे." यात उद्धटपणा काही नाही. उलट चुकीचं समजलं असेल तर आठ महिन्यांनी कळण्याऐवजी त्याच संध्याकाळी कळेल. आणि वही तारखेने लिहा, पण मागे कामानुसार अनुक्रमणिकाही ठेवा. मोरोविंडची डायरी करू नका.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. कधीकधी या प्रश्नांवर गाईड म्हणतील, "मलाही माहीत नाही." तेव्हा निराश होऊ नका. हर्बर्ट सायमन यांचा १९७३ चा एक निबंध आहे, नीट बांधणी नसलेल्या प्रश्नांवरचा. काही प्रश्नांमध्ये काय झालं म्हणजे उत्तर मिळालं हेच काम करता करता ठरत जातं, हे त्यात फार चांगलं मांडलंय. खरं संशोधन बऱ्याचदा असंच असतं. तिथे कुणीही सूचना लिहून ठेवलेली नाही, आणि निसर्ग माइनक्राफ्टसारखाच आहे : सांगत काही नाही, पण खोटंही बोलत नाही.

म्हणून "कुणालाच माहीत नाही" आणि "माहीत आहे पण सांगितलं नाही" या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. पहिल्यासाठी तर आपण पीएचडीला येतो. दुसऱ्यात घालवलेला वेळ म्हणजे संशोधन नव्हे, नुसती वाट बघणं. आणि त्या दोन्हींसाठी स्वतःच्या इंग्रजीला, माध्यमाला किंवा अकलेला दोष देण्याआधी एकदा सूचना पुन्हा वाचा. तीत काम कधी संपलं धरायचं ते लिहिलंय का? नसेल, तर अडचण तिथे आहे.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा दादाच्या लॅपटॉपवर सॅन अँड्रियास पुन्हा टाकला. आता कीबोर्ड माझ्याकडे होता. ट्रेनपासून लांब, समांतर चालवली आणि पहिल्याच प्रयत्नात चारही माणसं पडली. दादा बघत होता. म्हणाला, "म्हणजे तू तेव्हा बरोबर वाचलं होतंस?"

हो रे दादा. बरोबरच वाचलं होतं.